पाच वाजताची भूक



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक चालली होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, वही मिटायची वेळ आली, तेवढ्यात एक ताई म्हणाली, "मला पाचशे रुपये अंतर्गत कर्ज पाहिजे." कशाला, तर पोराला टॉनिक आणायचंय. "पोरगं जेवतच नाही बघा. ताट पुढं ठेवलं की तोंड फिरवतं. तिसरीला गेलं तरी अंगाला काही लागेना."

पाचशे रुपये द्यायला कुणाची ना नव्हती. पण आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी सहज विचारलं, "सकाळपासून काय काय खाल्लं गं त्यानं?" ताईने बोटं मोजली. सकाळी कपभर चहा आणि दोन टोस्ट. शाळेत खिचडी, पण अर्धी टाकली असणार. शाळा सुटल्यावर दुकानातून पाच रुपयांचं पाकीट. मग खेळायला गेला, तिथून आल्यावर अजून एक पाकीट, कारण आई अजून रानातून यायची होती. रात्री नऊला भाकरी-भाजी झाली तेव्हा हा अर्धवट झोपेत. दोन घास खाल्ले आणि पडला.

काकू म्हणाल्या, "अगं, त्याला भूक नाही असं कुठाय? त्याची भूक पाच वाजता येते आणि तुझी भाकरी नऊ वाजता."

मैत्रिणींनो, आज रेडिओवर आम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. मुलांच्या आहारावर बोलायचं म्हटलं की लगेच बदाम, काजू, डब्यातल्या महागड्या पावडरी यांच्या गोष्टी सुरू होतात. पण आपल्या घरात ज्वारी आहे, बाजरी आहे, डाळ आहे, शेंगदाणे आहेत. धान्य घरात असून पोरगं वाळतं, कारण त्याच्या भुकेची वेळ आणि आपल्या स्वयंपाकाची वेळ जुळत नाही. मधल्या वेळात जे हाताला लागेल ते पोटात जातं.

त्या बैठकीनंतर आम्ही एक केलं. शाळेत जाणारं लेकरू ज्यांच्या घरी आहे त्यांनी आठवडाभर लिहून ठेवायचं, लेकराने कधी आणि काय खाल्लं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी मोठ्या मुलीने लिहिलं. खरं सांगतो, पुढच्या बैठकीला वह्या उघडताना आम्हाला आमचीच लाज वाटली. सकाळचा चहा जवळजवळ सगळ्यांच्या वहीत. दूध मात्र फार थोड्या घरांत, आणि ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांच्याही घरात नाही, कारण दूध सगळं डेअरीला जातं. एका वहीत पाच दिवस संध्याकाळच्या रकान्यात एकच शब्द होता: पाकीट.

आता लेकराला लागतं तरी किती, ते बघू. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. देशभरातल्या माणसांना रोज किती अन्न लागतं याचे आकडे तीच ठरवते. तिच्या हिशेबाने ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. उष्मांक म्हणजे चालायला, खेळायला, वाढायला लागणारं जळण. प्रथिनं म्हणजे हाडामांसाची माती. नुसत्या जळणावर चूल पेटेल, भिंत उभी राहत नाही.

शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहावी ते आठवीला धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम; म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. आमच्यापैकी ज्या नव्वदच्या दशकात शाळेत होत्या त्यांना आठवत असेल, तेव्हा शिजवलेलं काही मिळत नसे, महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत भरून घरी आणायचा. त्या मानाने आजची खिचडी म्हणजे मोठीच सोय. पण हिशेब नीट बघा. तिसरीतल्या पोराने ताटली चाटूनपुसून खाल्ली तरी दिवसाच्या जळणाचा पाव भागच झाला. उरलेले तीन भाग घरातूनच जायला हवेत. "शाळेत खातो की" असं म्हणून आपण निवांत होतो, ते चुकतं. आणि अर्धी खिचडी टाकत असेल तर का टाकतो, ते शाळेत जाऊन बघा. शिजवणारी ताई बहुतेक आपल्याच कुठल्या तरी गटातली असते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, आहार कसा आहे हे विचारायचा त्यांना हक्क आहे. आमच्यातल्या दोघी जाऊन खिचडी चाखून आल्या. चव ठीक होती, पण डाळ शोधावी लागत होती. समितीच्या बैठकीत तसं सांगितलं. भांडण केलं नाही, नुसतं सांगितलं, आणि त्यानंतर डाळ दिसायला लागली.

लहान मुलाचं पोट लहान असतं. आपण गडीमाणसांसारखं दोन वेळा पोटभर जेवून भागवतो, त्याला ते जमत नाही. त्याला तीन जेवणं आणि मध्ये दोन वेळा थोडं थोडं लागतं. हे ऐकून एकजण म्हणाली, "म्हणजे पाच वेळा चूल पेटवू का?" नाही बाई. चूल दोनदाच. फक्त काय कधी पुढं करायचं ते आधी ठरवायचं.

सकाळपासून सुरुवात करू. सकाळी धार, झाडलोट, पाणी, डबे, मग कामावर जायची घाई. न्याहारी वेगळी करायला वेळ कुठला? म्हणून आम्ही रात्रीचाच विचार करायला लागलो. रात्री दोन भाकरी जास्त टाकायच्या. सकाळी त्या दुधात कुस्करून, नाहीतर ताकात कालवून, वर शेंगदाण्याची चटणी. शिळी भाकरी म्हणजे गरिबीची, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. उन्हाळ्यात मात्र भाकरी रात्रभर नीट झाकून ठेवा, वास आला तर लेकराला देऊ नका, गुरांना घाला. ज्यांना जमतं त्या धपाटी करतात. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, त्यात हाताला येईल ती पालेभाजी चिरून, तीळ, ओवा. हिवाळ्यात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ. वर्षभर शेवगा. ज्वारीसोबत डाळीचं पीठ घालायला आपल्या आज्यांनी उगीच नाही शिकवलं. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत. एकत्र खाल्लं की दोन्हींचं सोनं होतं.

चहाचं काय करायचं? चहा बंद करा असं आम्ही सांगणार नाही, कारण आम्हालाच सुटत नाही. पण लेकरांचा चहा सुटू शकतो. चहाने भूक मरते, हे एक. दुसरं, अन्नातलं लोह अंगाला लागू न देण्याची खोड चहात आहे. म्हणून निदान जेवणाच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. आणि डेअरीला दूध घालायच्या आधी किटलीतून लेकराचं पेलाभर काढून ठेवायचं. बिल थोडं कमी येईल, येऊ दे. यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. एका घरात सासऱ्यांनी "पोराला काढ, पोरीला कशाला?" असं विचारलं. त्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

डब्यात काय द्यायचं? पहिली ते आठवीला दुपारी शाळेत खायला मिळतं, त्यामुळे डबा नसला तरी एकवेळ चालतं. पण आठवी संपली की पोषण आहार संपतो. नववीतली मुलगी, जी शेजारच्या गावाला तीन-चार किलोमीटर चालत किंवा एसटीने हायस्कुलात जाते, तिला दुपारचं काही मिळत नाही, आणि नेमकं याच वयात अंग सगळ्यात जास्त मागतं. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला २४०० उष्मांक आणि ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे घरातल्या तिसरीतल्या भावाच्या जवळपास दुप्पट प्रथिनं.

आमच्याच एका मैत्रिणीची मुलगी प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. सकाळी चहा घेऊन निघाली होती. डबा नव्हता, कारण डब्यात भाकरी न्यायची तिला लाज वाटायची. बाकीच्या मुली चपाती-बटाट्याची भाजी आणतात म्हणून. आईला वाटायचं ती मैत्रिणींच्या डब्यात खाते. मैत्रिणींना वाटायचं ती उपाशीच राहते, तिला आवडतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. या वयाच्या मुलीला ते १२ च्या वर असायला हवं. डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या आणि आईला एकच प्रश्न विचारला, "हिला जेवायला कोण वाढतं?" मैत्रीण घरी आली आणि रात्रभर रडली. ती रोज स्वतःच वाढत होती. आधी नवऱ्याला, मग सासऱ्यांना, मग मुलाला, आणि उरलेलं मायलेकींनी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा अहवाल सांगतो की आपल्या महाराष्ट्रात १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे आपल्या गावातल्या दोन मुली एसटीच्या थांब्यावर उभ्या असतील तर त्यातली एक तशी आहे असं समजा. आणि आता सासरेबुवांच्या प्रश्नाचं उत्तर. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला २२ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलीला ३० मिलिग्रॅम. तिची पाळी सुरू झालेली असते, महिन्याला रक्त जातं. म्हणजे लोहाच्या बाबतीत वाटा द्यायचाच तर तिला भावापेक्षा जास्त द्यायला हवा. आम्ही हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्या सासरेबुवांच्या घरी भिंतीला लावले. ते काही बोलले नाहीत. पण आता दोन पेले भरतात, एवढं खरं.

लोह कशात असतं? बाजरीत चांगलं असतं. पालेभाज्या, तीळ, हुलगे, मटकी, हरभरा यांत असतं. मटणात, कलेजीत असतं आणि ते अंगाला लवकर लागतं. बाजाराच्या दिवशी घरात मटण शिजतं, तेव्हा फोडी कुणाच्या ताटात आणि नुसता रस्सा कुणाच्या ताटात, हे ज्याने त्याने आपल्या घरी बघावं. धान्य-भाजीतलं लोह अंगाला लागायला आंबटाची साथ लागते. म्हणून वरणावर लिंबू पिळा, जेवणाबरोबर आवळ्याची फोड द्या, पेरूच्या दिवसांत पेरू द्या. याला पैसे लागत नाहीत, पेरूचं झाड कुणाच्या ना कुणाच्या बांधाला असतंच. गुळाबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा. गूळ साखरेपेक्षा बरा, पण दिवसातून गुळाचा एक खडा खाल्ला म्हणून रक्त वाढत नाही. रक्त कमी असेल तर नुसत्या खाण्यावर भागणार नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

त्या गोळ्या शाळेत फुकट मिळतात, आठवड्यातून एकदा. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. आमच्याकडच्या शाळेत सोमवारी देतात. एक दिवस कळलं की मुली ती निळी गोळी खिडकीबाहेर टाकतात. का, तर मळमळतं. मळमळणारच! श्रावणी सोमवारचा उपवास, सकाळपासून पोटात फक्त चहा, आणि त्यावर गोळी. ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते, रिकाम्या पोटी नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. आणि उपवासाबद्दल बोलायचं तर, वाढत्या पोरींना सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे आठवड्याला दोन-दोन उपवास कशाला? आमचा देवावर विश्वास आहे, पण साबुदाण्यात पिठाशिवाय फारसं काही नसतं. धरायचाच असेल तर खिचडीत शेंगदाण्याचा कूट भरपूर घाला, सोबत दूध, ताक, राजगिऱ्याचा लाडू द्या.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. खाल्लेलं जंतांनीच खाल्लं तर आपली धपाटी कुणाच्या कामाची?

डब्यातल्या भाकरीच्या लाजेवर आम्ही तोड काढली ती अशी. हायस्कुलात जाणाऱ्या आमच्या गटांतल्या सात मुलींनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एका वारी धपाटी, एका वारी चपातीत गुंडाळलेली मटकीची कोरडी उसळ, एका वारी मेथीचा ठेपला, असं आणायचं. सगळ्यांचा डबा सारखा, म्हणून लाज कुणालाच नाही. हे त्या पोरींनीच शोधून काढलं. आम्ही मोठ्या बायका डब्यात काय घालायचं यावर डोकं फोडत होतो.

आता पाच वाजताच्या भुकेकडे येऊ. आज बोलायला बसलो ते तिच्यासाठीच.

शाळा सुटते. लेकरू दप्तर फेकतं. आई रानात, आजी देवळात, घराला कडी. चौकात दुकान, दुकानाच्या दाराला पाकिटांच्या माळा. यात आमचीच एक अडचण आहे, ती लपवत नाही. ते दुकान आमच्याच गटातल्या एका वहिनीचं आहे. गटाच्या कर्जातून उभं राहिलंय. हप्ता कधी चुकवत नाही. तिला आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की पाकिटं विकू नकोस?

आम्ही आधी आपलाच हिशेब केला. एका लेकराला दिवसाला दहा रुपये धरा. दोन लेकरांचे वीस. महिन्याचे सहाशे. जी ताई पोराच्या टॉनिकसाठी पाचशे रुपये कर्ज मागत होती तिच्या घरून महिन्याला सहाशे रुपये त्याची भूक मारण्यात जात होते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. मोठ्या मुलीला वाचायला सांगा. जे सगळ्यात जास्त असतं त्याचं नाव पहिलं येतं, असा कायदा आहे. आमच्या पाकिटावर मक्याचं नाहीतर तांदळाचं पीठ, मग तेल, मग मसाला आणि मीठ. विष नाही ते. सणासुदीला, जत्रेत खाल्लं तर काही बिघडत नाही. पण रोज पाच वाजता तेच पोटात गेलं तर रात्रीची भाकरी कुठे जाणार?

मग बैठकीत त्या वहिनीशीच बोललो. ती पहिल्यांदा चिडली. "माझ्याच दुकानावर तुमचा डोळा," म्हणाली. बरोबरच होतं तिचं. दोन बैठकांनंतर ती म्हणाली, "मी फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू ठेवते. उकडलेली अंडीही ठेवते. पण तुम्ही पोरांना घेऊ द्या." आता माळेशेजारी फुटाण्याच्या पुड्याही लटकतात. खरं सांगायचं तर अजूनही पाकिटंच जास्त खपतात. उकडलेली अंडी मात्र संध्याकाळपर्यंत एकही उरत नाही, हे आम्हालाही वाटलं नव्हतं.

घरात काय करायचं? आम्ही एक डबा ठरवला. झाकणाचा, लेकराचा हात पोचेल अशा फडताळावर ठेवायचा. त्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, कधी लाडू. आई रानातून येईपर्यंत लेकराने त्यातून वाटीभर घ्यायचं, वर पाणी प्यायचं. हात आधी साबणाने धुवायचे, हे रोज सांगावं लागतं, रोज सांगा. बोरं, पेरू, सीताफळ, केळी, ज्याचा हंगाम असेल ते. हिवाळ्यात हुरडा. घरात तीन-चार वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर अख्खे शेंगदाणे-फुटाणे त्याच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात; त्याला कूट द्या. आणि बुरशी आलेले, कडू लागणारे शेंगदाणे कुणालाच देऊ नका, भाजूनसुद्धा नाही.

सोप्या भाषेत आम्ही असं लक्षात ठेवतो. एक अंडं, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, वाटीभर घट्ट वरण. प्रथिनांच्या हिशेबात ही चारही जवळपास सारखी, प्रत्येकात सहा-सात ग्रॅम. यातली दोन तरी रोज घरातून लेकराच्या पोटात गेली पाहिजेत, नववी-दहावीतल्या मुलीच्या पोटात तीन. अंडी विकायची असतील तर विका, पण पहिली दोन लेकरांची. जे अंडं खात नाहीत त्यांनी शेंगदाणे आणि वरण वाढवावं.

रात्रीच्या जेवणाचं म्हणाल तर तिथे आम्ही एवढाच बदल केला. आल्या आल्या आधी वरण नाहीतर पिठलं टाकायचं आणि सात वाजता लेकरांना जेवू घालायचं. सकाळची एखादी भाकरी असतेच. गडीमाणसं नऊला जेवतील. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, डाळकांदा, ज्वारीच्या कण्या हे सगळं पटकन होतं. वरण पातळ नको, चमचा उभा राहिला पाहिजे.

जे जमलं नाही तेही सांगतो. मोड आलेली मटकी रोज द्यायची ठरवली होती, चौथ्या दिवशी पोरांनी संप केला. आता आठवड्यातून दोनदा देतो, एकदा उसळ, एकदा भेळीत. शेवग्याचा पाला वाळवून त्याची पूड चपातीत मिसळायची कल्पना एकीने काढली. हात सैल सुटला, चपात्या हिरव्यागार आणि कडू झाल्या, कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडल्या. एक चमचा पूड घरभराच्या कणकेला पुरे, नाहीतर ताजा पाला सरळ वरणात घालावा. आणि कांदा काढणीच्या, तोडणीच्या दिवसांत यातलं काहीच धड होत नाही. त्या दिवसांत आम्ही एकच गोष्ट सोडायची नाही असं ठरवलंय: फडताळावरचा डबा रिकामा ठेवायचा नाही.

एवढं करूनही लेकरू वाळत असेल, माती-खडू खात असेल, डोळ्यांच्या आतली बाजू आणि नखं पांढरीफट्ट दिसत असतील, सारखं दमत असेल, संध्याकाळी अंधार पडला की चाचपडत असेल, तर घरचे उपाय थांबवा आणि आरोग्य केंद्रात न्या. वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक शाळेत मुलांना तपासायला येतं. त्या दिवशी लेकराला शाळेत पाठवा आणि जमलं तर स्वतः जा. वजन-उंची कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गटाच्या वहीसारखाच जपून ठेवा. पुढच्या वर्षी ताडून बघता येतं.

टॉनिकवाल्या ताईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिने पाचशे रुपये घेतले, बाटली आणली, आठ दिवस पाजली. मग बाटली तशीच राहिली, फडताळावर, फुटाण्याच्या डब्याच्या मागे. पोरगं अजून तसं बारीकच आहे. पण सात वाजता ताटावर बसतं आणि भाकरी मागून घेतं.

लाडवाचं माप पुष्कळजणी विचारतात म्हणून सांगून ठेवतो. बाजरीचं पीठ दोन वाट्या, मंद आचेवर खमंग भाजायचं, करपवायचं नाही. शेंगदाण्याचा जाडसर कूट दोन वाट्या. फुटाण्याच्या डाळीचं पीठ एक वाटी. भाजलेले तीळ अर्धी वाटी. चिरलेला गूळ दीड ते दोन वाट्या, आपापल्या गोडीप्रमाणे. सगळं कोमट असतानाच एकत्र मळायचं. शेंगदाण्याच्या तेलानेच वळतात, नाही वळले तर चमचाभर तूप किंवा तेल. लिंबाएवढे केले तर तीसेक होतात, दोन लेकरांना पंधरा दिवस पुरतात. थंडीत चांगले टिकतात, पावसाळ्यात मात्र निम्म्या मापाने करा आणि आठ दिवसांत संपवा.